हार्मोनिकचा चटका कसा टाळायचा: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी टप्प्याटप्प्याने

जळगाव-धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयांपासून चाळीसगाव, अमळनेर, शहाद्याच्या दहा-वीस खाटांच्या दवाखान्यांपर्यंत पित्ताशय, अपेंडिक्स आणि गर्भपिशवीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया आता रोजच्या झाल्या आहेत. त्यात अल्ट्रासॉनिक कंपनांवर कापणारं अवजार, म्हणजे सगळी ओटी (ऑपरेशन थिएटर) ज्याला सरसकट ‘हार्मोनिक’ म्हणते ते, हातोहात वापरलं जातं. मात्र ते वापरताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात, आणि त्यांच्या मुळाशी बहुधा एकच समज असतो: ‘यात करंट नाही, म्हणजे हे भाजत नाही.’

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. रुग्णाच्या अंगातून करंट जात नाही, म्हणूनच कॉटरीसारखी (विजेच्या करंटने कापणाऱ्या अवजारासारखी) मांडीखाली प्लेट लावावी लागत नाही. दुसरं वाक्य मात्र चूक आहे. हँडपीसमधले स्फटिक विजेचं रूपांतर कंपनांत करतात, आणि पुढचं ब्लेड सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा मागेपुढे हलतं. हालचाल असते जेमतेम ५० ते १०० मायक्रॉनची, पण त्या घर्षणाने ऊतक तापतं, प्रथिनं गोठतात आणि रक्तवाहिनी बंद होते. हे काम १०० अंश सेल्सिअसच्या आतच होतं. ब्लेड स्वतः मात्र जास्त वेळ चालवलं तर २०० अंशांच्या वर जातं, आणि पेशी मरायला ६० अंश पुरतात.

हा लेख तरुण सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, शिकाऊ डॉक्टर, स्क्रबला उभ्या राहणाऱ्या सिस्टर आणि ओटी टेक्निशियन यांच्यासाठी आहे. तुमच्या मशीनची पुस्तिका वेगळं काही सांगत असेल तर पुस्तिकेचं ऐका. मॉडेलनुसार पातळ्या, आवाज आणि जोडणी बदलते.

टप्पा १: आदल्या दिवशी अवजार हातात घेऊन पाहा

शस्त्रक्रियेच्या सकाळी घाई असते, म्हणून ही तपासणी आदल्या संध्याकाळी उरकावी.

सर्वांत आधी जॉ (टोकाचा चिमटा) उघडून आतला पांढरा पॅड पाहा. अवजाराला दोन ओठ असतात. खालचं धातूचं ब्लेड कंप पावतं. वरचा ओठ हलत नाही, फक्त दाबून धरतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला टेफ्लॉनसारखा मऊ पॅड असतो. नव्या अवजारात हा पॅड सपाट आणि स्वच्छ दिसतो. वापरलेल्या अवजारात त्यावर मधोमध चर पडलेली असते, टोकाकडचा भाग पिवळट-तपकिरी होतो, कधी कडा वितळून वर आलेली असते. दिव्याखाली धरून नखाने अलगद चाचपलं तरी चर कळते.

या चरीचा उष्णतेशी थेट संबंध आहे. पॅड झिजला की पकड ढिली होते, ऊतक नीट दाबलं जात नाही आणि जिथे तीन सेकंदांत काम व्हायचं तिथे पायाखालचं पेडल कितीतरी जास्त वेळ दाबून ठेवावं लागतं. जितका वेळ जास्त तितकं ब्लेड गरम. पॅड पुरता गेला तर ब्लेड वरच्या ओठाच्या धातूला घासतं आणि तडकतं.

इथे स्पष्ट बोललं पाहिजे. ही अवजारं बहुतांश एका वापरासाठीच असतात, पाकिटावर तसं छापलेलं असतं. लहान गावांत ती ईटीओ (वायूने निर्जंतुक) करून पुन्हा वापरली जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कारण पैशांचं आहे, सरकारी आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये नवं अवजार दर वेळी बसत नाही. पण निर्जंतुक झालं म्हणजे अवजार नवं झालं, असं नाही. ईटीओने जंतू मरतात, झिजलेला पॅड भरून येत नाही. माझं मत ठाम आहे: नवं अवजार परवडत नसेल तर ती शस्त्रक्रिया क्लिप, टाके आणि बायपोलरने (दोन टोकांमध्येच करंट ठेवणाऱ्या कॉटरीने) करा. चांगल्या हातांना ते जमतं, आणि रुग्णाच्या दृष्टीने झिजलेल्या हार्मोनिकपेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे.

पॅडनंतर ब्लेड पाहा. त्यावर ओरखडा, खाच किंवा काळा थर नको. मग हँडपीसची वायर: पीळ पडलेला, पिना वाकलेल्या किंवा ओलसर राहिलेल्या नकोत. हँडपीसच्या वापराचीही मर्यादा ठरलेली असते. ती संपत आल्याची सूचना जनरेटर (हार्मोनिक चालवणारं मशीन) देत असेल तर दुर्लक्ष करू नका.

तपासा: जनरेटर यूपीएसवर आहे का? उन्हाळ्यात आपल्याकडे वीज जाणं आणि व्होल्टेज वरखाली होणं नेहमीचं आहे. वीज परत आल्यावर मशीन पुन्हा सुरू होतं तेव्हा ते आपल्या मूळ पातळ्यांवर येतं, तुम्ही लावलेल्या नाही. पुढचं पेडल दाबण्याआधी पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचून घ्या.

टप्पा २: जोडणी आणि चाचणी

हँडपीस उभा धरा, शिअर (ब्लेड आणि जॉ असलेला पुढचा भाग) त्यावर हाताने फिरवून बसवा आणि मग सोबतच्या पान्याने आवळा. पान्याचा ‘टक-टक’ असा दोनदा आवाज येईपर्यंत फिरवायचं, त्यापुढे जोर लावायचा नाही. काही नव्या मॉडेलना वेगळा पाना लागत नाही. जोड ढिला राहिला तर कंपनं टोकापर्यंत नीट पोहोचत नाहीत, जोडाशीच उष्णता तयार होते आणि मशीन चूक दाखवत राहतं. प्लायर किंवा आर्टरी फोर्सेप्सने आवळण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो बंद करा.

चाचणी घेताना जॉ उघडा आणि टोक हवेत ठेवा. कपड्याला, ट्रॉलीला, हातमोज्याला ते टेकता कामा नये. चाचणी पूर्ण झाल्याचा आवाज ऐकल्याशिवाय अवजार पुढे देऊ नका.

सावधान: मध्ये ऊतक नसताना जॉ मिटून पेडल कधीही दाबू नका, ‘चालतंय का बघतो’ म्हणूनसुद्धा नाही. त्या एका-दोन सेकंदांत पॅड भाजतो, आणि पुढची सगळी शस्त्रक्रिया भाजलेल्या पॅडवर होते.

पेडलचीही जागा ठरवा. कॉटरीचं आणि हार्मोनिकचं पेडल शेजारी-शेजारी असेल तर अंधाऱ्या ओटीत पाय चुकतो. एक डावीकडे, दुसरं उजवीकडे, मध्ये हातभर अंतर. हातातल्या बटणावर चालणारं मॉडेल असेल तर पेडल जोडूच नका.

टप्पा ३: ट्रॉलीवर दोन वाट्या

ही बाब लहान वाटते, पण चुकते फार. दुर्बिणीच्या काचेवर धुकं येऊ नये म्हणून ट्रॉलीवर गरम सलाईन ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा गारठा कडक असतो आणि थंड काच पोटात गेली की लगेच धुकट होते, तेव्हा तर थर्मास भरून ठेवतात. हार्मोनिकचं टोक थंड करायला आणि धुवायला मात्र साध्या तापमानाचं सलाईन लागतं. या दोन वाट्या शेजारी असल्या की गर्दीत अदलाबदल होते आणि गरम ब्लेड गरम पाण्यात बुडवलं जातं. दोन्ही वाट्या ट्रॉलीच्या दोन टोकांना ठेवा, वेगवेगळ्या आकाराच्या घ्या.

साध्या सलाईनच्या वाटीजवळ ओला, नीट पिळलेला गॉझ घडी करून ठेवा. बाहेर आलेलं टोक आधी त्यावर टेकतं.

अवजार ठेवायची जागाही ठरलेली हवी. रुग्णाच्या पोटावरच्या कपड्यावर ते आडवं टाकू नये. गरम टोकाने कागदी ड्रेपला भोक पडतं आणि खाली कातडी असते. बाजूला लटकवलेला कप्पा असेल तर उत्तम, नसेल तर ते सिस्टरच्या हातात परत.

सुरुवात करण्याआधी तिघांनी एकमेकांशी बोलून घ्यावं: सर्जन, कॅमेरा धरणारा आणि स्क्रब सिस्टर. कॅमेऱ्याने टोक सोडायचं नाही. सिस्टरने पेडलचा आवाज ऐकत वेळ मोजायचा आणि पाच सेकंद झाले की मोठ्याने ‘पाच’ म्हणायचं. शिकाऊ मुलांना हे सांगायचा संकोच वाटतो, कारण कॅमेरा बहुधा त्यांच्याच हातात असतो आणि वरिष्ठांना टोकायचं कसं हा प्रश्न पडतो. म्हणून हा नियम सर्जननेच आधी सांगितला पाहिजे: ‘टोक दिसेनासं झालं तर मला थांबव.’

टप्पा ४: कापताना

आता मुख्य काम. उष्णता किती तयार होईल आणि किती पसरेल हे चार गोष्टींवर ठरतं: पातळी, वेळ, पकडीचा जोर आणि ऊतकावरचा ताण. चारही तुमच्या हातात आहेत.

क. आधी जागा मोकळी करा. कापायच्या ऊतकाच्या मागे काय आहे ते दिसलं पाहिजे. मेरीलँडने (बारीक, वाकड्या टोकाच्या चिमट्याने) मागून बोगदा करा, ऊतक दोन्ही बाजूंनी सुटं होऊ द्या, मगच जॉ घाला. मागचं न दिसता जॉ मिटणं म्हणजे मागच्या आतड्याचा किंवा नळीचा चिमटा घेण्याची शक्यता.

ख. ब्लेड कुठल्या बाजूला आहे ते पाहा. कंप पावणारा आणि तापणारा ओठ एकच आहे. तो नाजूक अवयवाच्या विरुद्ध बाजूला आणि शक्यतो वर, डोळ्यांसमोर ठेवा. अवजाराची दांडी फिरवायला चाक असतं ते यासाठीच. बरेच जण ते फिरवतच नाहीत, पोर्टमधून (अवजार पोटात जायच्या नळीतून) जसं आत गेलं तसं वापरतात. मग तापलेलं ब्लेड खाली राहतं आणि त्याखाली ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) किंवा मूत्रवाहिनी असते.

ग. जॉमध्ये थोडंच ऊतक घ्या. जॉच्या पुढच्या दोन-तृतीयांशात मावेल इतकं. खूप जाड घास घेतला की वेळ वाढतो, रक्त थांबत नाही, आणि मग त्याच जागी पुन्हा पुन्हा पेडल दाबलं जातं.

घ. पातळी निवडा. रक्तवाहिनी असलेल्या ऊतकाला कमी पातळी, म्हणजे ‘मिन’. रक्त नसलेल्या पातळ पडद्याला ‘मॅक्स’. मॅक्सवर कापणं लवकर होतं पण रक्तवाहिनी नीट बंद होत नाही. मिनवर बंद चांगली होते पण वेळ जास्त लागतो आणि बाजूला उष्णता पसरायला वाव मिळतो. मधला धोकादायक प्रकार म्हणजे मॅक्सवर ठेवून सलग दहा-पंधरा सेकंद दाबणं. त्यात ब्लेडही तापतं आणि आजूबाजूचं ऊतकही.

च. ताण देऊ नका. ऊतक वर ओढून धरलं की पटकन कापलं जातं खरं, पण वाहिनी बंद होण्याआधीच तुटते आणि रक्त येतं. मग घाईघाईत, रक्ताच्या डबक्यात, न दिसता पेडल दाबलं जातं. उष्णतेच्या बऱ्याच इजा या दुसऱ्या, घाबरून केलेल्या वापरात होतात. रक्तवाहिनीवर ऊतक सैल ठेवा आणि अवजाराला आपलं काम करू द्या. बहुतेक अवजारं ५ मिलीमीटरपर्यंतच्या वाहिनीसाठी असतात, काही नवी मॉडेल खास मोडमध्ये ७ पर्यंत जातात. त्याहून मोठी दिसली तर क्लिप किंवा टाका.

मोठ्या वाहिनीसाठी एक पद्धत चांगली आहे. कापायच्या जागेच्या थोडं अलीकडे, शरीराकडच्या बाजूला, मिनवर अर्धवट बंद करून घ्या, न कापता. ऊतक पांढुरकं झालं की थांबा. मग पुढे सरकून कापा. म्हणजे कापलेल्या टोकामागे गोठलेल्या ऊतकाचा आणखी एक पट्टा राहतो.

छ. ऊतक सुटण्याच्या क्षणी पेडल सोडा. माझ्या मते याच क्षणाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. जॉमध्ये ऊतक असतं तोवर त्यातलं पाणी उष्णता शोषत असतं. ते कापलं जाऊन बाजूला झालं की ब्लेड थेट पॅडवर घासू लागतं आणि तापमान झपाट्याने चढतं. म्हणजे काम झाल्यानंतरचं एक फुकटचं सेकंद आधीच्या दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त तापवतं. काही मशीन या वेळी आवाजाचा सूर बदलतात. तो सूर ओटीतल्या प्रत्येकाला ओळखता आला पाहिजे. सूर बदलला की पेडलवरून पाय काढा.

ज. एका वेळी पाच सेकंदांच्या आत. काम झालं नाही तर सोडा, श्वास घ्या, ऊतक कमी करून पुन्हा धरा. सलग तीन-चार वेळा वापरल्यावर टोक थंड करायला बाहेर घ्या.

सावधान: टोकाशी पाण्याची बारीक वाफ उडते आणि पडदा धुकट होतो. तेव्हा पुढे जाऊ नका. पोर्टची चावी उघडून, शक्यतो सक्शन जोडून, वाफ निघू द्या.

सावधान: ब्लेड क्लिपला, स्टेपलला किंवा दुसऱ्या धातूच्या अवजाराला टेकू देऊ नका. ब्लेडला बारीक तडा जातो, तो डोळ्याला दिसत नाही आणि नंतर तुकडा पोटात पडतो. क्लिप लावलेल्या नळीच्या मध्ये कापायला साधी कात्री वापरा.

टप्पा ५: पेडल सोडल्यानंतरचं पाऊण मिनिट

जास्तीत जास्त काळजी इथे घ्यायची आहे. खापराखालची चूल विझवली तरी मांडा त्यावर भाजत राहतो, तसं या ब्लेडचं आहे. आवाज थांबतो, सर्जनचं मन पुढच्या पायरीवर जातं. ब्लेड मात्र तापलेलंच असतं. दीर्घ वापरानंतर ते ६० अंशांच्या खाली यायला २० ते ४५ सेकंदही लागू शकतात. तेवढ्या वेळात तेच टोक मेरीलँडसारखं वापरून आतडं बाजूला सारलं जातं, यकृताचा कोपरा उचलला जातो, चिकटलेलं ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) सोडवलं जातं. पडद्यावर काहीच दिसत नाही, धूर नाही, आवाज नाही. आतड्याला जिथे टोक टेकलं तिथे तांदळाएवढा पांढरा डाग राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. पेडल सोडा, जॉ उघडा, ऊतक सुटू द्या.

२. टोक तिथेच, मोकळ्या जागेत, पडद्याच्या मधोमध ठेवा. कोणत्याही अवयवाला टेकवू नका. पुढचा कट लगेच करायचा असेल तर फक्त पुढे सरका, बाजूला हालवू नका.

३. बाजूला सारणं, उचलणं, धरणं हे सगळं डाव्या हातातल्या थंड ग्रास्परने (पकडायच्या चिमट्याने). हार्मोनिकने नाही. हा नियम पाळला तर अर्ध्याहून जास्त धोका टळतो, असं मी विद्यार्थ्यांना दर वेळी सांगतो.

४. दुसरं काम असेल तर अवजार बाहेर काढा. काढताना कॅमेरा टोकाच्या मागे-मागे पोर्टपर्यंत आला पाहिजे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत अवजार मागे येताना ड्युओडेनम आणि मोठ्या आतड्याच्या वळणावरून येतं, आणि कॅमेरा नेमका तेव्हा पित्ताशयावर खिळलेला असतो.

५. बाहेर आल्यावर सिस्टरने जॉ उघडून टोक ओल्या गॉझवर टेकवायचं, मग साध्या सलाईनमध्ये बुडवायचं. काळा थर जमला असेल तर टोक पाण्यात, वाटीच्या तळाला किंवा कडेला न टेकवता, क्षण-दोन क्षण चालवलं की निघतो. सुरीच्या पात्याने खरवडू नका.

तपासा: बाहेर आलेलं टोक कुणाच्या हातमोज्याकडे, कुणाच्या बोटाकडे वळलेलं नाही ना? सिस्टरची बोटं भाजल्याचे प्रकार होतात आणि त्या बोलून दाखवत नाहीत.

टप्पा ६: कोणत्या शस्त्रक्रियेत कुठे जपायचं

बाजूला पसरणारी उष्णता नीट वापरात साधारण १ ते ३ मिलीमीटर जाते. वेळ वाढला की ती वाढते. म्हणून महत्त्वाच्या नळीपासून, आतड्यापासून किमान ५ मिलीमीटर अंतर धरा. जॉची रुंदी डोळ्यांसमोर असतेच, तिनेच अंतर मापा.

पित्ताशय. कॅलॉच्या त्रिकोणात, म्हणजे पित्ताशयाच्या नळीच्या आणि धमनीच्या आसपास, हार्मोनिक शक्यतो चालवू नका. तिथे मेरीलँडने, लहान चिमटे घेत, रूविएच्या खाचेच्या (यकृताच्या खालच्या अंगाची खूण) वरच्या बाजूने काम करा. दोनच नळ्या पित्ताशयात जाताना दिसल्या, मागून यकृत दिसलं, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटला, मगच क्लिप. हार्मोनिकचं खरं काम पुढे, पित्ताशय यकृतावरून सोडवताना. मुख्य पित्तनलिकेला लागलेला चटका त्या दिवशी कळत नाही. नळी आक्रसत जाते आणि महिन्यांनी कावीळ होऊन रुग्ण परत येतो.

गर्भपिशवी. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून जाते, गर्भाशयमुखापासून साधारण दीड ते दोन सेंटीमीटरवर. गर्भपिशवी खालून मॅनिप्युलेटरने (योनीवाटे घातलेल्या दांडीने) वर ढकलून धरली की हे अंतर वाढतं, म्हणून खालच्या मदतनिसाने धमनीच्या वेळी हात सैल सोडू नये. मूत्राशय आधी नीट खाली सरकवा. मूत्रवाहिनीची हालचाल पोटातल्या पातळ आवरणाआडून दिसते का ते कापण्याआधी पाहा. धमनी बंद केल्यावर रक्त आलं तर त्याच जागी, गर्भाशयाला लागून, पुन्हा धरा. बाहेरच्या बाजूला हार्मोनिक नेऊ नका. सिझेरियन झालेल्या पोटात मूत्राशय चिकटलेलं असतं, तिथे थंड कात्री.

अपेंडिक्स. अपेंडिक्सचा पडदा अपेंडिक्सला लागून कापा, सीकमच्या (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या) भिंतीला लागून नव्हे. बुंध्याला लूप (दोऱ्याचा फास) टाकल्यावर कापायला साधी कात्री.

चिकटलेली आतडी. आधी उघडून शस्त्रक्रिया झालेल्या पोटात आतडं पोटाच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर ऊर्जा वापरूच नका, हार्मोनिकही नाही आणि कॉटरीही नाही. कात्रीने थोडं रक्त येईल, दाबून थांबेल.

टप्पा ७: पोट बंद करण्याआधी

शेवटी दोन मिनिटं काढा. काम केलेल्या जागेच्या आजूबाजूची आतडी, ड्युओडेनम, अवजार येण्या-जाण्याच्या वाटेवरचे अवयव, सगळं एकदा जवळून पाहा. भाजलेला भाग आजूबाजूपेक्षा पांढुरका, कोरडा, थोडा आक्रसलेला दिसतो. दिव्याच्या झळाळीत तो हरवतो, म्हणून कॅमेरा तिरपा करून बघा.

इथे एक चूक सतत होते: हवेची किंवा रंगाची गळती-चाचणी करून निश्चिंत होणं. भाजलेल्या आतड्याला त्या वेळी भोक नसतं. भिंत मेलेली असते पण टिकून असते, ती काही दिवसांनी सुटते. चाचणी स्वच्छ आली तरी चटका नाही असं सिद्ध होत नाही.

डाग दिसलाच तर लक्षात घ्या की मेलेला भाग डोळ्याला दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. अगदी लहान आणि वरवरचा असेल तर निरोगी कडांमधून टाके घेऊन तो आत दुमडतात. मोठा किंवा खोल असेल तर तेवढं आतडं काढावं लागतं. स्त्रीरोगतज्ज्ञाने किंवा नवख्या सर्जनने हा निर्णय एकट्याने घेऊ नये. वरिष्ठ सर्जनला फोन करा, रुग्ण झोपलेलाच असताना.

आणि नोंद करा: कुठे, केवढा, काय केलं. रात्रपाळीच्या डॉक्टरला पहाटे तीन वाजता तीच नोंद उपयोगी पडते.

टप्पा ८: वॉर्ड, घर आणि तिसरा दिवस

आतड्याला चटका लागलेला रुग्ण पहिल्या दिवशी ठीक असतो, चहा-बिस्किट खातो, घरी जायची घाई करतो. त्रास बहुतेकदा दुसऱ्या ते सातव्या दिवसात सुरू होतो, कधी त्याहून उशिरा. मूत्रवाहिनीचा त्रास एक-दोन आठवड्यांनी: कमरेत दुखणं, ताप, योनीवाटे पाण्यासारखा सततचा स्राव. तोवर रुग्ण रावेर-यावलच्या केळीच्या बागेत, नाहीतर अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरपाड्यावर पोहोचलेला असतो.

म्हणून घरी सोडताना एकच गोष्ट पक्की समजावा: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर तब्येत रोज थोडी-थोडी सुधारली पाहिजे. जो दिवस आदल्या दिवसापेक्षा वाईट गेला, त्या दिवशी परत यायचं.

तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी फोन करा, आणि रुग्णाच्या बोलीत विचारा. ‘तुन्हं पोट दुखस का? कालपेक्षा जास्त का? ताप उना का? पोट फुगनं का?’ असं अहिराणीत विचारलं की धुळ्याकडची बाई मोकळेपणी सांगते. पुस्तकी मराठीत ‘काही त्रास?’ असं विचारलं तर ‘बरं शे’ म्हणून फोन ठेवून देते. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरी आशाताईंची मदत घ्या.

डिस्चार्ज कार्डावर गावातल्या डॉक्टरसाठीही दोन ओळी लिहा: ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया अमुक तारखेला झाली आहे. पोटदुखी वाढल्यास वेदनाशामक इंजेक्शन देऊन थांबू नये, आमच्याशी बोलावं.’ पोटात दुखतं म्हणून गावात सुई दिली जाते, दोन दिवस दुखणं दबतं, आणि तेच दोन दिवस महागात पडतात.

परत आलेल्या रुग्णाची नाडी आधी मोजा. ताप नसताना, रक्त तपासणी बरी असताना नुसती नाडी १०० च्या वर टिकून राहणं हे पहिलं लक्षण असू शकतं. उभ्या एक्स-रेवर विसंबू नका, कारण शस्त्रक्रियेत भरलेला वायू सुरुवातीचे काही दिवस पोटात असू शकतो आणि त्यामुळे चित्र फसवं येतं. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन करा. गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेनंतर पाणी जात असेल तर ते लघवी आहे का हे कळायला त्या पाण्यातलं क्रिएटिनिन तपासा आणि मूत्रमार्गाचा सीटी घ्या. स्कॅनमध्ये निश्चित काही दिसलं नाही पण रुग्ण खालावत असेल तर दुर्बीण पुन्हा घालून पाहा. तुमच्याकडे सीटी किंवा आयसीयू नसेल तर पाठवायचा निर्णय संध्याकाळपर्यंत लांबवू नका. सातपुड्याच्या पायथ्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला लागणारे तास धरूनच हिशेब करा, आणि ज्या रुग्णालयात पाठवता तिथल्या सर्जनला आधी फोन करून हार्मोनिक कुठे, किती वेळ वापरलं होतं ते सांगा.